दाराबाहेरची मावशी

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं! आज लेकीच्या शाळेत उंच उडीच्या जुन्या काथ्याच्या गादीचा कुबट वास आला आणि मी थेट नव्वदच्या दशकातल्या सिल्वासात, नववीत, खेळाच्या खोलीत पोचले.

मी आत असतानाच शिपाईकाका कुलूप लावून चावीसकट राखोलीला घरी गेले होते. खोलीला खिडकी नाही, त्यात लाइट गेलेली. दार बडवून हात सुजले, श्वास पुरेना. सायकलवरून कुणाला तरी चावी आणायला पिटाळून आमचे कबड्डीचे देवरे सर बाहेर थांबले. आख्खी शाळा त्यांना टरकायची. "रडायचं नाही!" ते ओरडले. मी आणखीच रडले.

मग दारापलीकडून चक्क बाईचा नखरेल आवाज आला, "अगं बया! आम्ही निघालो मथुरेच्या बाजाराला, अन् ही गवळण आतच बसली? दही नासलं ना माझं!"

मी रडता रडता फस्सकन हसले. "सर, कोण आहे तिकडे?"

"मीच. आठ वर्षं तमाशात मावशी होतो, लुगडं नेसून. स्टाफरूममध्ये कळलं तर माझं काही खरं नाही. कोणाले सांगशील तर मैदानाला वीस चकरा!"

चावी येईपर्यंत मावशी बोलत राहिली. दार उघडलं तर समोर शिट्टी, मिशी आणि आठ्या. "चल, घरी जा."

तेव्हा नुसती गंमत वाटली. माझ्यासाठी सरांनी काय पणाला लावलं होतं, ते आज कळतंय. इतकी वर्षं मी गप्प होते. सर, आज सांगून टाकलं, वीस चकरा मारते!

तुमच्याही सरांमधून कधी अशी मावशी बाहेर आली का हो?