मडक्यातले शेवटचे पान

आमच्या नातलगांत माझ्याविषयी दोन कथा चालतात आणि दोन्ही खोट्या आहेत. धाकटा भाऊ लग्नकार्यांत सांगतो, की पोलीस जमादाराने "हे कुणी लिहिले?" असे विचारताच मी "परमेश्वराने!" म्हणून गरजलो आणि त्याने हात जोडले. जावई सांगतो, की मी जमादाराच्या पाया पडलो. त्या दिवशी तिथे मी होतो. हे दोघे नव्हते.

नव्वदच्या दशकात मी पोंभुर्ण्याला रस्त्यांच्या कामावर पर्यवेक्षक होतो. बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, असे तिथे आमचे एकच घर. आजोबांच्या छापील तोरेला, आमच्या धर्मग्रंथाला, वाळवी लागली. परमेश्वराचे नाव असलेली पाने आम्ही जाळत नाही, फेकत नाही. माणसासारखी दफन करतो. पत्नी म्हणाली, "कोकणात पाठवा. आपल्या कब्रस्तानात पुरतील." मी ऐकले नाही. विधी मला येत होता, त्यासाठी कोणाची गरज नव्हती. उरलेली पाने मडक्यात भरली, तोंड मातीने लिंपले आणि कामाच्या रस्त्यापलीकडे जंगलात एका सागाखाली पुरली.

त्या वर्षांत दलमची, जंगलातल्या सशस्त्र गटांची, दहशत होती. जंगलात काही पुरलेले सापडले की लोक दहा हात मागे सरत. हे मला सुचलेच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी वननाक्यावर बोलावणे आले; मडके पुरताना मला एका मजुराने पाहिले होते. बाकावर माझे मडके फुटलेले पडले होते. शेजारी पाने, दगडाखाली दाबलेली. वनरक्षक पेटत्या चुलीवर चहा ठेवत होता. ठाण्यातून आलेला जमादार खुर्चीवर बसला होता.

"मले वाटलं मोहाची दारू हाय," वनरक्षक म्हणाला. "उकरून पायतो तं पोथी! सारी मेहनत वाया गेली ना भाऊ."

जमादार हसला नाही. "दलमवाल्याइचे कागद तं नाई?"

"नाही साहेब. हिब्रू आहे. आमचा धर्मग्रंथ."

"कोनं लिवला?"

कोठडीचे भय होतेच. पण पाने चुलीपासून दोन हातांवर होती, आणि माझा एक शब्द चुकला तर ती चुलीत जातील, हे भय मोठे होते. तरीही त्या पानांसाठी खोटे बोलणे मला जमेना.

"मोशेने, आमच्या संदेष्ट्याने. परमेश्वराने सांगितले, त्याने लिहिले, अशी आमची श्रद्धा. शेवटची आठ वचने सोडून."

"ते काऊन सोडले?"

"त्यांत मोशेच्याच मृत्यूची हकीकत आहे. स्वतःचे मरण माणूस कसे लिहील? कोणी म्हणतात, त्याच्या शिष्याने लिहिले. कोणी म्हणतात, मोशेनेच रडत रडत लिहिले. मला ठाऊक नाही."

जमादाराने दगड उचलून पाने माझ्याकडे सरकवली. मग वनरक्षकाला म्हणाला, "खोटं बोलनारा 'मले ठाऊक नाई' म्हनत नाई. याले चहा दे. अन् भाऊ, तुमची पोथी तुमच्या कब्रस्तानात नेऊन गाडा. इथी नाई."

चहा मी प्यालो. कप संपवला आणि पाने घेऊन निघालो.

घरी येऊन पाने क्रमाने लावली. शेवटचे नव्हते, त्या आठ वचनांचे. मडक्यात ठेवण्यापूर्वी ते मी स्वतः वाचले होते. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. मराठी माणूस पोथी जिथून उघडतो, तिथे आमचा ग्रंथ संपतो. चूल पेटवायला वनरक्षकाने वरचे पान उचलले असावे. त्याच्या लेखी ते पहिले होते.

"सगळी मिळाली?" पत्नीने विचारले.

"हो," मी म्हणालो.

नाक्यावर परत जाऊन विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. तो हो म्हणाला असता, तर मी कशावर उकळलेला चहा प्यालो होतो?

भावाच्या आणि जावयाच्या, दोन्ही कथांत पाने सुखरूप घरी येतात. तेवढे एक खोटे मी आजवर खोडून काढले नव्हते.