कागद न लागणारे मिलिंददादा

काही माणसं भेटून गेली की मागे एखादा किस्सा ठेवूनच जातात. अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावच्या मराठी ग्रुपमध्ये असे एक मिलिंददादा आहेत. पॉटलकला भाजी कमी पडेल, पण त्यांचे किस्से कमी पडत नाहीत!

दादा नागपूरचे. आठवडाभर गाड्यांच्या ब्रेकचं टेस्टिंग करतात आणि वीकेंडला मराठी कविता सादर करतात, त्याही रेगे संगीताच्या तालावर! शेजारचे विन्स्टनकाका मूळचे जमैकाचे, ते बेस गिटारवर साथ देतात.

पहिल्या तालमीला आम्ही आरतीला वाजवाव्यात तशा टाळ्या वाजवल्या. विन्स्टनकाका ओरडले, "नो, नो! बिटवीन!" टाळी ठोक्यावर नाही, दोन ठोक्यांच्या मधे हवी होती. आम्हाला काही जमेना.

दादा म्हणाले, "माझी आई विड्या वळायची. गाणं चालू असायचं आणि वळलेली विडी सुपात पडायची ती नेमकी मधे. रेगे मी तिथंच शिकलो यार!" हे त्यांनी काकांना इंग्रजीत सांगितलं. काकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली.

आईला लिहिता येत नव्हतं, पण गाणी ती स्वतः रचायची. दादाही कागदाला हात लावत नाहीत. एका वर्षी कमिटीनं गुपचूप रेकॉर्ड करून त्यांची कविता स्मरणिकेत छापली. स्टेजवर दादांनी भलतीच म्हटली, उभ्या उभ्या रचून! जोशीकाकू स्मरणिका घेऊन त्यांच्यामागे धावल्या, "अहो, छापलेली म्हणा ना!"

"छापली ना काकू? मग आता ती तुम्ही म्हणा!"

मी तर थक्कच झाले.

पण एका विषयावर दादांचे किस्से आटतात. मुलगी मित्रा, वय चौदा. मराठीत विचारा, इंग्रजीत उत्तर. रोज सकाळी तिला शाळेत सोडताना दादा गाडीत गाणी घोकतात आणि ही मागे हेडफोन लावून बसते! "आईची गाणी माझ्यासोबतच संपणार," ते एकदा मला म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

या जानेवारीत तिकडे नागपूरला दादांची आई गेली. भीमजयंतीच्या कार्यक्रमात दादांनी तिचंच गाणं घेतलं. "पान माझं, धागा माझा, हात माझे गं..." आणि थांबले. पुढचं येईचना. कागद कुणाकडेच नव्हता, आठवण करून देणार कोण? विन्स्टनकाका बेस वाजवत राहिले. आम्ही टाळ्या वाजवत राहिलो, चक्क मधे!

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला.

"पुढचं गाणं नातीचं गं, साथ माझी गं!"

मित्रा उभी होती.

दादा माइकवरच म्हणाले, "ही ओळ... ही तर गाण्यात नव्हती."

"आजीनं नवीन केली, बाबा. रोज सकाळी गाडीत म्हणून दाखवायची, फोनवर." तिनं गळ्यातले हेडफोन काढून खुर्चीवर ठेवले आणि स्टेजकडे निघाली. "नाउ कम ऑन. बिटवीन!"