तात्यांच्या वाट्याची मिशी

आमच्याकडे पुरुषाची मिशी आयुष्यात दोनदाच उतरते, एकदा आई गेल्यावर आणि एकदा वडील गेल्यावर. आई गेली तेव्हा मी ती दिली होती. दुसऱ्या वेळेला मात्र ती औषधांनी नेली, आणि नेली तेव्हा तात्या, म्हणजे माझे वडील, ओट्यावर धडधाकट बसून गुरांची दावी वळत होते. त्यातून जो घोटाळा झाला तो इथे सांगतो. आज मी त्या घोटाळ्याचे आभारच मानतो.

साल दुष्काळाचं होतं. आमचं गाव दिंद्रुडच्या अलीकडे, आणि मी गावच्या सहकारी दूध संस्थेचा सचिव. दूध आटलं तसं संस्थेचं कामही बदललं. नदीकाठच्या माळावर संस्थेने चारा छावणी उघडली आणि इतके दिवस ज्यांचं दूध मोजून घेत होतो, त्यांच्याच गुरांना आम्ही उसाचे वाढे आणि कडबा वाटू लागलो. त्याच धांदलीत माझ्या मानेवर गाठ आली. सोलापूरच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हा बरा होणारा प्रकार आहे, पण औषध पूर्ण घ्यावं लागेल. मध्येच सोडलंत तर घेतलेलंही वाया जाईल. मी तात्यांचा एकुलता एक मुलगा. हे डॉक्टरांना माहीत नव्हतं, पण तात्यांना होतं.

सलाईनमधून जी औषधं जायची त्यातलं एक लालभडक होतं, म्हणून गावभर त्या उपचाराला लाल सलाईन हेच नाव पडलं. खरं नाव घ्यायला कुणी तयार नव्हतं, मीसुद्धा नाही.

थकवा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं असं मी समजत होतो. दिवसभर ट्रॅक्टरमधून चाऱ्याच्या पेंढ्या उतरवल्यावर अंग मोडून येतं, पण झोपलं की जातं. हा थकवा झोपून उठल्यावर वाढायचा. शर्टाच्या गुंड्या लावताना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागे. बायको भाकरी पुढे ठेवायची आणि मी ती मोडायचा विचार करत बसायचो. तोंड आतून सोललेलं, जिभेवर सगळ्याला लोखंडाची चव. आधीच माझा स्वभाव तापट. त्यात ओरडायचंही बळ उरलं नाही. बायको म्हणायची, तेवढाच फायदा झाला.

केस आधी उशीवर सापडू लागले, मग ताटात. डोकं गेलं, भुवया विरळ झाल्या, नखं काळवंडली, चेहरा इतका रापला की आरशातला माणूस मला आमच्या भावकीतलाही वाटेना. तरी मिशी टिकून होती. मोठी, पिळदार, पंचक्रोशीत ओळखली जाणारी मिशी, तिचा मला गर्व होता हे लपवत नाही. एके सकाळी ताक पिऊन टॉवेलने ओठ पुसला आणि डावीकडची अर्धी मिशी टॉवेलात आली.

अर्ध्या मिशीने छावणीत कसं जाणार? न्हाव्याला बोलावलं. त्याने वस्तरा काढला, माझ्याकडे पाहिलं, ओट्यावरच्या तात्यांकडे पाहिलं आणि वस्तरा परत पेटीत ठेवला.

"तात्या जित्ते असताना माज्या हातून हे व्हायचं न्हाई," तो म्हणाला. "लई तर टॉवेल बांधा तोंडाला."

चार दिवस मी तोंडाला टॉवेल बांधून हिंडलो. मग उरलेली अर्धीही आपसूक गेली.

तात्या माझ्याकडे बघेनासे झाले. मी ओट्यावर आलो की ते पाठ फिरवून दावं वळत बसत. बोलायचं असेल तर सुनेच्या तोंडून बोलायचे. "त्याला म्हणावं, ऊन लागंल, घरात बस." मी दोन हातांवर बसलेला असायचो. मला आधी राग आला. मग कळलं की जिवंत बापासमोर पोराचं असं सफाचट तोंड म्हणजे त्यांना रोज मरणच दिसत होतं; त्यांचं की माझं, ते मला ठरवता येईना. त्यानंतर मी घरातही टॉवेल सोडला नाही.

गावाने मात्र मला सांभाळलं. छावणीत लिंबाखाली संस्थेच्या सभासदांनी बाज टाकली आणि सांगितलं, तुमी हितून हलायचं न्हाई. काम माझ्याकडे चालत येऊ लागलं. ज्या माणसांशी मी दुधाला पाणी लागलं म्हणून वर्षानुवर्षं भांडलो होतो, ती माणसं माझी बाज सावलीबरोबर सरकवत असत. आमचीच तांबडी गाय पहिल्या दिवशी माझ्या अंगाच्या औषधी वासाने मागे सरली. नंतर एकदा मान पुढे करून तिने माझं टक्कल असं काही चाटलं की सगळी छावणी हसली. मीही हसलो.

आणि पाणी. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलेलं, आणि गावात टँकर. तो आला की बायामाणसांची झुंबड, वाट्याला येईल त्यात स्वयंपाक, गुरं, सगळं. बायकोने कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण टँकर येऊन गेला की आमच्या ओट्यावर कुणी कळशी, कुणी तांब्या, कुणी नुसती भरलेली किटली ठेवून जायचं. भांडी कुणाची ते विचारायचं नाही, रिकामी झाली की तिथेच ठेवायची. त्या दिवसांत प्यायलेला प्रत्येक घोट दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून कमी झालेला होता. ते ऋण मला अजून गोड वाटतं.

तरीही चौथ्या सलाईननंतर माझा धीर संपला. सोलापूरहून परतताना एसटी मांजरसुंब्याला थांबली. बायको बसमध्येच सामानापाशी बसली, मी कसाबसा उतरलो आणि धाब्याच्या पिंपापाशी टॉवेल सोडून तोंडावर पाणी मारलं. तिथेच ऊसतोडीहून परतणारा एक ट्रक उभा होता. त्यातला मुकादम माझ्या आत्याच्या गावचा, परळीजवळचा, मला लहानपणापासून ओळखणारा; सहा महिने तिकडे कोल्हापूरच्या बाजूला टोळी घेऊन गेलेला. त्याने मला पाहिलं, जागच्या जागी थबकला, डोक्यावरची टोपी काढली. मग जवळ येऊन माझ्या शेजारी बाकावर बसला आणि माझा हात आपल्या हातात धरून ठेवला. त्याने चहा सांगितला, पैसे देऊ दिले नाहीत. निघताना एवढंच म्हणाला, "घट व्हा. आता तुमीच थोरले."

आजार कळल्यापासून लोक माझा हात असाच धरायचे. त्यातलाच हा एक, असं मी समजलो. पुढे काही विचारायचं त्राणही नव्हतं. बसमध्ये चढलो आणि बायकोला सांगितलं, "बास झालं. मी आता सोलापूरला येणार नाही. व्हायचं ते घरी होऊ दे."

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. घरी आल्यावर तिने ते तात्यांना सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ते दावं वळायला बसले आणि दिवसभर त्यांच्या हातून एकही धड वळलं गेलं नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळीच वेशीकडून रडण्याचा आवाज आला. आमच्या गावापर्यंत तेव्हा मोबाइल पोचला नव्हता, त्यामुळे कोण, कुठलं काही कळेना. एक जीप दारात थांबली. आधी आत्या उतरली, तात्यांची थोरली बहीण, पदर तोंडावर घेतलेला. तिच्यामागे बाया, त्यांच्यामागे तोच मुकादम. मी टॉवेल न बांधताच दारात आलो होतो. माझं डोकं बघताच आत्याने हंबरडा फोडला आणि माझ्या गळ्यात पडली.

"आरं माज्या भावा! असा कसा गेलास रं! बहिनीला भेटला बी न्हाईस!"

माझ्या पाठीमागून, ओट्यावरून, तात्या म्हणाले, "कोन गेलं गं, आक्का?"

"आरं माजा भाऊ गे..." आत्या म्हणाली, आणि तिथेच तिचा सूर तुटला. तिने माझ्या खांद्यावरून पाहिलं. तात्या हातात अर्धवट दावं धरून उभे होते. बायांचंही रडणं एकेक करत थांबलं. आत्या हळूहळू ओटा चढली, तात्यांचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, आणि मग त्यांच्या पाठीत असा धपाटा घातला की त्यांची टोपी पडली.

"जित्ता हाईस व्हय रं मुडद्या! कावून रडवलंस मला एवढ्या वाटंनं!"

मुकादम भिंतीला चिकटून उभा. "म्या सोता बघितलं," तो म्हणत होता. "डोकं बी साफ, मिशी बी साफ. माय तर आदीच गेल्याली. मग मानसानं दुसरं काय समजावं?"

आत्याला माझा आजार ठाऊक होता, पण केस गेल्याचं आम्ही कळवलंच नव्हतं. तात्या हसायला लागले. इतक्या दिवसांत मी त्यांचं हसू ऐकलं नव्हतं. त्यांचं बघून बाया हसल्या, आत्या रडता रडता हसली, मी हसता हसता दम लागून उंबऱ्यावर बसलो. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आत्याने भाकरी आणि पिठलं बांधून आणलं होतं. ते तिने रागारागाने सोडलं आणि सगळ्यांना वाढलं. तात्यांनी स्वतःच्या सुतकाची भाकरी दोन वेळा मागून घेतली. मलाही त्या दिवशी पिठल्याला पिठल्याची चव लागली. आठवडाभरात पहिल्यांदा मी अख्खी भाकरी खाल्ली.

जेवणं झाल्यावर तात्या माझ्यासमोर येऊन बसले, पाठ न फिरवता. माझ्याकडे नीट पाहिलं. मग दाव्यांनी खरखरीत झालेला तळवा माझ्या टकलावर ठेवला.

"मुकादमाचं काय चुकलं न्हाई," ते म्हणाले. "पन तू ऐक. ही केसं दवाखान्यानं नेली. ती माजी नव्हती. माज्या वाट्याची अजून उगवायची हायेत. मिशी बी. ती आल्याबिगर मी मरायचा न्हाई. आन ती सोलापुरातून आनायची का कुठून, ते तुजं काम."

 मी मान हलवली. जे तेव्हा सांगता आलं नाही ते आज लिहितो: मला पुन्हा जगावंसं वाटलं ते त्या ओट्यावर, तो तळवा डोक्यावर असताना.

पुढच्या सलाईनला तात्या स्वतः बरोबर आले. मांजरसुंब्याला हट्टाने उतरले, त्याच धाब्यावर चहा प्यायले आणि धाबेवाल्याने न विचारताच त्याला सांगितलं, "मी अजून हाय." उरलेली सगळी औषधं मी घेतली. थकवा लगेच गेला नाही, वर्षभर अंगात मुक्काम ठोकून होता. पण पाऊस झाला, छावणी उठली, संस्थेत पुन्हा दूध आलं, आणि मी पुन्हा दुधातल्या पाण्यावरून लोकांशी भांडू लागलो. त्यांना बहुधा त्याचाच आनंद झाला असावा. ओठावर आधी पांढुरकी लव आली. तात्या रोज सकाळी चष्मा लावून ती बघायचे आणि शेत बघून आल्यासारखं सुनेला सांगायचे, "उगवन बरी हाय." मिशी पूर्वीसारखी पिळदार झाली नाही. पण आली.

त्यानंतर तात्या पुष्कळ वर्षं जगले. गेले ते ओट्यावरच, दुपारी, जेवून पडल्यावर. मुकादमाला कळलं तेव्हा त्याने दोन वेगवेगळ्या माणसांना फोन करून खात्री करून घेतली, मगच निघाला.

दहाव्याला नदीवर मी पाटावर बसलो. न्हावी तोच, आता म्हातारा. त्याने डोकं केलं. मग ओली बोटं माझ्या मिशीवर ठेवली आणि थांबला. त्याला ती सकाळ आठवत असावी, मलाही आठवत होती.

"घिऊ का?" त्याने विचारलं.

"घे," मी म्हणालो. "तात्यांची आहे."