पालथा पडलेला पहारेकरी

निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली तरी शेजारीपाजारी त्यांना सिस्टरच म्हणत. रुग्णालयाच्या वॉर्डात त्यांनी उमेदीचा सारा काळ घालवला होता. झोपलेल्याची झोप न मोडता नाडी पाहायची, सलाइनची बाटली बदलायची आणि आपण येऊन गेल्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही, हे त्यांचे कसब होते. त्यामुळे एका दुपारी सुनेने त्यांच्या हाती व्हिडिओ गेमचा कंट्रोलर देऊन सांगितले, "आई, यात कुणालाही न दिसता किल्ल्यात शिरायचं असतं," तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "एवढंच ना?"

एवढेच नव्हते. खेळाने त्यांच्या नाकी नऊ आणले. वाकण्याचे आणि शीळ घालण्याचे बटण शेजारी-शेजारी होते. ऐन मोक्याच्या क्षणी सिस्टर चालवत असलेला खेळातला हेर वाकण्याऐवजी शीळ घाली आणि सारा पहारा अंगावर धावून येई. कधी तो भिंतीला असा चिकटे की सुटता सुटत नसे. कधी पुढे जाण्याच्या भरात खेळ सेव्ह करायचा राहून जाई आणि पकडले गेल्यावर अख्खी दुपार वाया जाई. "मेल्याला मागे वळायला आत्ताच सुचलं!" असे म्हणत सिस्टर पुन्हा पहिल्या पायरीशी येत.

पण सुखही तितकेच अस्सल होते. खांबाच्या सावलीत श्वास रोखून उभे राहावे, हातभर अंतरावरून पहारेकरी निघून जावा, त्याच्या बुटांचा आवाज विरत जावा आणि मग तो रिकामा बोळ आपला व्हावा! शिवाय ते पहारेकरी आपसांत बोलत. एकाचे घरमालकाशी वाजले होते, दुसऱ्याची दाढ ठणकत होती.

"आई, चला ना पुढे."

"थांब गं, दाढ उपटली की नाही ते तरी कळू दे."

आपण तिथे नाहीच असे समजून माणसे बोलतात, तेव्हा त्यांची खरी दुखणी कानी पडतात. वॉर्डात सिस्टरनी हे पुष्कळदा अनुभवले होते. खेळात पहारेकरी हा केवळ अडथळा असतो, ही गोष्ट मात्र त्यांच्या गळी उतरत नव्हती.

रविवारी मुलगा आणि सून दुसऱ्या शहरात राहायला जाणार होते आणि त्यांच्याबरोबर खेळही. त्याआधी शेवटचा टप्पा एकदाही कुणाच्या नजरेस न पडता पार करायचा, असे सिस्टरनी मनाशी पक्के केले होते.

शनिवारी दुपारी तो अगदी हाताशी आला. पळवायची होती ती मनोऱ्यातली पेटी घेऊन हेर परत फिरला होता. जिन्यावरचा पहारेकरी जागचा हलत नव्हता, म्हणून सुनेच्या सल्ल्याने सिस्टरनी त्याला गुंगीची सुई मारली. तो पायऱ्यांवर पालथा कोसळला. त्याला ओलांडून हेर खाली उतरला, आणि थबकला. मग उलट वर चढू लागला.

"आई, कुठे निघालात? दरवाजा समोर आहे!"

"अगं, पालथा पडलाय तो. डोकं खाली, पाय वर. श्वास कसा घेणार?"

"आई, तो खोटा आहे!"

"मग घोरतोय कशाला?"

सिस्टरनी त्याला ओढत सपाट जागी आणले. कुशीवर वळवण्याची सोय मात्र खेळात नव्हती. त्या खटपटीत असतानाच वरून दुसरा पहारेकरी आला. भोंगा वाजला. सुनेने कपाळावर हात मारला.

"चुकलं माझंच," सिस्टर म्हणाल्या. "सुई टोचायलाच नको होती. आता कुणालाही पाडायचं नाही."

"मग त्या जिन्यावरून जाणार कशा? तो काय बाजूला सरकून वाट देणार आहे?"

"बघू या."

रविवारी सामान टेम्पोत चढत होते. टीव्ही जमिनीवर उरला होता आणि त्याच्यासमोर, भांड्यांच्या खोक्यावर, सिस्टर. पडद्यावर त्यांचा हेर जिन्याच्या माथ्यावरच्या खांबाआड निश्चल उभा होता; खाली पायऱ्यांवर तोच पहारेकरी.

मुलगा वायर काढायला आला. "आई, टेम्पोवाला खोळंबलाय गं!"

"हात लावशील तर याद राख," सून म्हणाली. "आई इथवर न दिसता आल्यात."

"पण हे काय चाललंय? काहीच होत नाहीये!"

"तो हलायची वाट बघतेय," सिस्टर म्हणाल्या.

मुलगा कुरकुरत उभा राहिला, मग भिंतीला टेकला, मग खालीच बसला. बऱ्याच वेळाने जिन्यावरच्या पहारेकऱ्याने आळस दिला, मान कडाकडा मोडली आणि तो खिडकीशी जाऊन बाहेर पाहू लागला. "आई, आता!" मुलगाच ओरडला. हेर पाय न वाजवता खाली उतरला आणि दरवाजाबाहेर पडला.

पडद्यावर अक्षरे उमटली: कुणाच्याही नजरेस पडला नाही. कुणालाही इजा नाही. त्याखाली: वेग अत्यंत मंद, दर्जा दुय्यम.

"दुय्यम?" सून उसळली. "हे ठरवणारा तो कोण!"

"असू दे गं, लिहू दे त्याला काय लिहायचं ते." सिस्टरच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हते.

"तो खिडकीशी जातो हे तुला ठाऊक होतं?" मुलाने विचारले.

"छे रे! उभं राहून राहून अंग आंबतंच की कुणाचंही." त्यांनी कंट्रोलर त्याच्या हाती दिला. "घे, काढ आता वायर."