रबरी हाडांची सुनावणी

शिट्टीबाईनं उभं आयुष्य लोकांची कुत्री शिकवण्यात घालवलं. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून हे नाव. कुत्र्यावर तिनं कधी आवाज चढवला नाही. ती सगळी कसर मालकांवर भरून काढायची. “कुत्रं हुशार आहे, शिकवणी तुम्हाला लावू या,” असं तिनं एका बड्या वकिलाला तोंडावर सुनावलं होतं. वकील दुसऱ्या दिवशी निमूट एकटेच आले होते.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिनं नणंदेबरोबर दुकान टाकलं. जागा पूर्वी चष्मेवाल्याची, त्यामुळे तिन्ही भिंतींना आरसे. पट्टे, साखळ्या, वाडगे, खाण्याच्या पिशव्या, सगळं दुप्पट दिसायचं. नणंद गल्ल्यावर बसून गोड बोलायची. शिट्टीबाई गिऱ्हाइकांना सल्ला द्यायची, म्हणजे बहुतेक वेळा झापायची. दोघींचं छान चाललं होतं.

मग समोरच्या इमारतीतला एक दांडगा तांबूस कुत्रा मेला. त्यानं रबरी चेंडूचा लचका तोडून गिळला आणि तो आतड्यात अडकला. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, पण उशीर झाला होता. चेंडू याच दुकानातला होता. कुत्र्याचा मालक भांडला नाही. चेंडूचा उरलेला अर्धा तुकडा गल्ल्यावर ठेवून निघून गेला. त्या संध्याकाळी शिट्टीबाईनं खेळण्यांचं अख्खं कपाट कचऱ्यात रिकामं केलं.

“वहिनी, निदान घाऊकवाल्याला परत तरी करू,” नणंद म्हणाली.

“म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्या तरी कुत्र्याच्या घशात घालेल.”

चांगला माल शोधता शोधता तिला परदेशातला एक कारखाना सापडला. त्यांची रबरी हाडं भरीव होती. दाताला लागायची नाहीत आणि तुटायचीही नाहीत. हाडं मागवली, चघळायचे जाड दोर मागवले, आणि नणंदेच्या हट्टापायी थोडी मऊ कापडी अस्वलंही. माल बंदरात उतरला आणि कस्टमनं तो धरून ठेवला.

माल सोडवायचं काम एका एजंटकडे दिलं होतं. मऊ बोलणारा, सतत मान डोलावणारा माणूस. त्याचा फोन आला.

“ताई, जरा घोडं अडलंय. साहेबांनी आपला माल लहान मुलांची खेळणी म्हणून धरलाय.”

“कुठल्या लहान मुलांची?”

“म्हणजे मुलांचीच हो. खेळण्यांवर ड्यूटी जास्त असते, ती भरावी लागेल. शिवाय मुलांसाठी सुरक्षित आहेत असा दाखला लागेल.”

“अहो, ती हाडं आहेत. कलेजीचा वास येतो त्यांना.”

“मला कळतंय. पण कागदावर खेळणी असंच लिहिलंय ना.”

“मग साहेबांना सांगा, कुणाची ते.”

“साहेबांशी वाकडं घेऊन चालत नाही ताई. माझी आणखी कामं असतात त्यांच्याकडे. भरून टाका, मोकळं होऊ.”

शिट्टीबाईनं पैसे भरले नाहीत. नमुने तपासणीला गेले. प्रयोगशाळेचा अहवाल आला तो तिनं गिऱ्हाइकांदेखत मोठ्यानं वाचला. रबर उत्तम होतं. मात्र वासामुळे मूल ही वस्तू खाद्यपदार्थ समजून तोंडात घालण्याची शक्यता असल्यानं ती मुलांसाठी अयोग्य होती. गिऱ्हाइकं हसली. शिट्टीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं तिथूनच फोन लावला.

“वाचलंत ना? मुलांसाठी अयोग्य. इतके दिवस मी दुसरं काय सांगतेय?”

“ताई, उलट आता जास्तच अवघड झालं,” एजंट म्हणाला. “मुलांची खेळणी, आणि वर तपासणीत नापास. आता माल परत तरी पाठवावा लागेल, नाहीतर नष्ट.”

ती फोन ठेवून थेट त्याच्या ऑफिसात गेली. एका जिन्याखालची अरुंद खोली, टेबलावर दोऱ्यांनी बांधलेले गठ्ठे, कोपऱ्यात त्याच्या डब्याची पिशवी. तिला बघून तो उठून उभा राहिला.

“माझे कागद द्या.”

“ताई, असं चिडून…”

“चिडून नाही तर काय नाचून मागू? तुम्ही माझ्यासाठी एकदा तरी तोंड उघडलंत का तिथं?”

त्यानं मान डोलावली. हो म्हणाला की नाही, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तिनं गठ्ठा उचलला आणि स्वतःच्या नावानं सुनावणी मागितली.

सुनावणीची तारीख लवकर मिळेना. तिकडे गोदामाचं भाडं चढत होतं आणि इकडे दुकानातलं खेळण्यांचं कपाट रिकामं, आरशामुळे तेही दुप्पट. नणंदेचा धीर सुटला.

“वहिनी, भरून टाकू या. कारखान्याकडून दुसरा दाखला मागवू. तुमचा राग आपल्याला परवडत नाही.”

“हा राग नाही.”

“मग काय आहे?”

शिट्टीबाई आतल्या खोलीत गेली आणि आधीच वजन केलेल्या पिशव्या पुन्हा एकदा वजन करत बसली. इतक्या वर्षांत त्या दोघी पहिल्यांदाच एकमेकींशी न बोलता घरी गेल्या.

सुनावणीच्या दिवशी ती कस्टमच्या ऑफिसात लांब व्हरांड्यातल्या बाकावर बराच वेळ बसली. मग आत बोलावलं. टेबलापलीकडे केस पिकलेल्या वरिष्ठ अधिकारी बाई होत्या. बाजूला माल अडवणारा अधिकारी, इस्त्रीच्या शर्टातला. मध्ये एक हाड, एक दोर, एक अस्वल. शिट्टीबाई सुरुवातीपासूनच चढ्या आवाजात बोलायला लागली.

“आवाज खाली,” वरिष्ठ बाई म्हणाल्या. “मला ऐकू येतं.”

ती थांबली. मग हळू आवाजात तिनं त्या तांबूस कुत्र्याचं सांगितलं. चेंडूचा अर्धा तुकडा, रिकामं केलेलं कपाट, भरीव रबर का शोधलं ते सगळं. वरिष्ठ बाईंनी हाड उचलून नाकाशी नेलं आणि चटकन खाली ठेवलं. मग मागच्या फळीवरून एक जाडजूड पुस्तक काढलं, एक पान उघडलं आणि अधिकाऱ्यापुढे सरकवलं.

“ही टीप वाचा. मोठ्यानं.”

त्यानं वाचली. ज्या वस्तू आकारावरून, घडणीवरून किंवा ज्या पदार्थाच्या त्या बनल्या आहेत त्यावरून फक्त जनावरांसाठीच असल्याचं ओळखू येतं, त्या खेळण्यांत धरायच्या नाहीत. रबराची वस्तू रबरात, दोराची दोरात, ज्याचं त्याचं वर्गीकरण आणि ज्याची त्याची ड्यूटी.

“हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं, मॅडम. पण एजंटनं हरकतच घेतली नाही. त्यानं मान्य केलं, म्हणून मी पुढे नेलं.”

“आणि एजंटला?” शिट्टीबाईनं विचारलं.

अधिकाऱ्यानं पुस्तक मिटलं. “त्याला माहीत नसेल असं होत नाही.”

“म्हणजे फक्त मलाच माहीत नव्हतं.”

तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. अंगावर धावून आलेल्या कुत्र्याचीही तिला कधी इतकी चीड आली नव्हती. कुत्रं निदान गुरगुरून तरी सांगतं.

“आता हे अस्वल,” वरिष्ठ बाई म्हणाल्या.

“तेही कुत्र्यांचंच आहे.”

“कशावरून?”

शिट्टीबाईनं अस्वल उलटसुलट करून पाहिलं. चिठ्ठी नाही, चित्र नाही, वास नाही. गळ्यात रिबीन आणि मण्यांचे डोळे.

“माझ्या नातीच्या हातात दिलं तर ती सोडणार नाही,” वरिष्ठ बाई म्हणाल्या. “हे खेळण्यांतच जाईल.”

भांडायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंचं बरोबर होतं. त्या अख्ख्या दिवसात तिला सगळ्यात जास्त हेच झोंबलं.

हाडं आणि दोर सुटले. अस्वलं तिनं तिथंच सोडून दिली. भाड्यानं सगळा नफा खाल्ला होता, पण कपाट पुन्हा भरलं. नणंदेनं एक हाड हातात घेऊन वाकवून पाहिलं.

“वहिनी, एक तरी अस्वल आणायचं होतं मला.”

“आणून काय केलं असतं?”

“उशाशी ठेवलं असतं,” नणंद म्हणाली, आणि दोघींना एकदमच हसू आलं.

पुढे एका दुपारी एजंट दुकानात आला. पट्टे बघितल्यासारखं केलं, मग गल्ल्याशी येऊन घुटमळला.

“ताई, माझ्या एका पार्टीचा असाच माल अडकलाय. मांजरांची खेळणी. तुमच्या निकालाची प्रत मिळाली तर बरं होईल.”

“माझ्या वेळी गप्प का बसलात?”

तो बराच वेळ मान डोलावत राहिला. मग त्याची मान थांबली. “मला तिथं रोज जायचं असतं ताई. प्रत्येकाच्या मालासाठी भांडलो तर माझं एकही काम वेळेत होणार नाही.”

तो खरं बोलतोय हे तिला कळलं. राग तरीही तसूभर कमी झाला नाही.

“त्या पार्टीचा नंबर द्या. प्रत मी त्यांनाच देईन. तुमच्या हातात नाही.”

तो नणंदेकडे बघायला लागला. नणंदेनं त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि मध्ये पडली नाही. शेवटी त्यानं नंबर सांगितला. शिट्टीबाईनं तो त्याच्यासमोरच लावला.

“नमस्कार. मांजरांची खेळणी अडकलीयत ती तुमचीच ना? तुमचा एजंट इथं माझ्यासमोर उभा आहे. आधी त्याच्याकडून तुमचे कागद काढून घ्या, मग काय बोलायचं ते मी सांगते.”

एजंट पाणी उभ्यानंच प्यायला.