आबांच्या मिशांचा थर

माझ्या सासऱ्यांच्या मिशा मी एका सकाळी गायब केल्या, आणि तरीही या घरात मला दोन वेळचं जेवण मिळतं.

आबांची पंचाहत्तरी होती. शिवाजी पेठेत पंचाहत्तरी म्हणजे चौकात फ्लेक्स आलाच! आणि घरची सून चित्रकलेची शिक्षिका असताना फ्लेक्सवर साधा फोटो? छे! "मी टॅबवर चित्र काढते," असं मी सगळ्यांसमोर बोलून बसले. (टॅब घेऊन मला नऊ दिवस झाले होते.) आबांनी एकच अट घातली. "सूनबाई, नाक चुकलं तरी चालंल. मिशीला धक्का लागायचा न्हाय!" तालमीतला गडी तो, मिशीला तूप लावल्याशिवाय सकाळचा चहासुद्धा घेत नाही.

टॅबवरच्या चित्राला थर असतात. एका थरावर चेहरा, त्याच्यावरच्या थरावर मिशा, त्याच्यावर फेटा. थरांना नावं द्यायची असतात. मी दिली नाहीत. वर्गातली साठ पोरं नावानिशी लक्षात ठेवणारी बाई मी, तीन थरांचं काय एवढं!

आबांचे गाल जरा खडबडीत वाटले, म्हणून रंग एकजीव करणारा ब्रश घेऊन घासायला लागले. काही होईना. जोर लावला. ढिम्म! घासत घासत नाकाखाली आले आणि मिशी सर्रकन कानापर्यंत गेली! मी मिशीच्या थरावर बसून गाल घासत होते.

नशीब, पडद्यावर दोन बोटं टेकवली की शेवटची चूक पुसली जाते. टक! मिशी जागेवर. त्या दिवशी मी शंभरदा तरी टक केलं असेल. शेवटी मिशी मधे मधे नको म्हणून तिच्या थरापुढे जे डोळ्याचं चिन्ह असतं, तो डोळा मिटला, मिशी लपली, आणि योग्य थरावर जाऊन गाल असे मऊसूत केले म्हणता! नेमके तेव्हाच आबा मागे येऊन उभे.

"अगं ए! मिशी कुठं गेली?"

"हाय की आबा, लपवलीय फक्त."

"लपवायला ती काय चोरीची हाय?"

तेवढ्यात फ्लेक्सवाल्याचा फोन. "म्याडम, फाईल आत्ताच्या आत्ता धाडा, न्हायतर बोर्ड लागत न्हाय आज!" मी धाडली. डोळा मिटलेलाच होता. (थराचा. माझे दोन्ही उघडे होते, उपयोग शून्य.)

चार वाजता आमच्या ह्यांचा चौकातून फोन. "अगं, लोकं विचाराय लागल्यात, घरात कोण गेलं म्हणून! आबांनी मिशी का काढली म्हणत्यात!"

पाचला आबांचे तालमीतले जुने जोडीदार सत्काराला येणार, आणि आबा आत फेटा बांधत होते. मी गेटला लावायच्या काळ्या ऑइलपेंटचा डबा उचलला, जाड ब्रश घेतला आणि पदर खोचून चौकात पळाले. मागोमाग आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई. ह्यांनी शिडी धरली.

"जमंल का गं?"

"गप धरा!"

वर गेले. इथे थर नाही, डोळा नाही, एकजीव करणारं काही नाही. हातात ब्रश, समोर आबा. एक फटकारा डावीकडे, एक उजवीकडे. खाली शिट्ट्या! गर्दीतून आबा आणि त्यांचे जोडीदार पुढे आले. आबांनी वर बघितलं, स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला आणि गरजले, "तोंड मशीनचं असंल, पण मिशी माझ्या सुनंच्या हातची हाय!" पेठेनं टाळ्यांचा कडकडाट केला. खरं सांगते, इतका मान मला माहेरीही कुणी दिला नव्हता.

मग मला दिसलं, उजवं टोक जरा जास्तच वर गेलंय. आणि मी, वीस वर्षं चित्रकला शिकवणारी बाई, रंगानं माखलेली दोन बोटं फ्लेक्सवर टेकवली.

टक!

पुसलं काहीच नाही. आबांच्या गालावर दोन काळे ठिपके मात्र उमटले.

"बरं केलंस गं!" खालून आत्ती ओरडल्या. "तीट लावलीस! दिष्ट लागली असती न्हाय तर!"

पुन्हा टाळ्या. मी वरूनच मान डोलावली, जणू हेच ठरलं होतं. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून ते दोन ठिपके पुसायला हळूच पुन्हा बोटं टेकवली.

आता चार आहेत.