सुहासचा शेवटचा केग

२००६ च्या ऑक्टोबरात, नऊ तारखेला दुपारी नेवार्कच्या विमानतळावर उतरलो. न्यायला दोघं आली होती: धाकट्या भावाची बायको मीना आणि शेजारी डेव्ह. भाऊ, सुहास, जाऊन एकवीस दिवस झाले होते. व्हिसाला तेवढे लागले.

पार्सिपनीपर्यंत अर्धा तास. दोन्ही बाजूंची झाडं लाल-पिवळी झाली होती. घरी मीनानं पिठलं-भात वाढला आणि मग गॅरेजमध्ये नेलं. तिथल्या जुन्या फ्रिजमध्ये एकोणीस लिटरचा केग (पोलादी पिंप) होता. त्यात सुहासनं घरी बनवलेली एल (गडद, कडवट बिअर), बाजूला तिला दाब देणाऱ्या वायूचं सिलिंडर. दारावर त्याच्या अक्षरातली चिठ्ठी: '३८ अंश. २१ तारखेपर्यंत हात लावू नये.' हे अंश तिकडचे, आपले सव्वातीन.

"एकवीसला त्याची पन्नाशी होती," मीना म्हणाली. "मित्रांना बोलावून ठेवलं होतं, ते येणार आहेत. तोवर ही नीट राहू दे, दादा. त्याच्या हातचं आता एवढंच उरलंय."

"मी आयुष्यात बिअर चाखलेली नाही, मीना."

"म्हणून तर तुमच्यावर सोपवतेय. तो म्हणाला असता, दादाकडे दिली की थेंब कमी व्हायचा नाही."

सकाळ-संध्याकाळ पारा पाहून वहीत लिहीत गेलो. चोवीस नोंदी, एकदाही ३८ च्या वर नाही. पहिल्या संध्याकाळी आणखी एक केलं. पुण्यात आमच्याकडे स्वयंपाक आटोपला की सिलिंडर मी बंद करतो, तीस वर्षांत चुकलेलं नाही. इथं तर वापरच नव्हता. मी चावी फिरवली. दोन दिवसांनी दाबाचा काटा बारावरून शून्यावर आला, तेव्हा निर्धास्त झालो.

एकवीसला चौदा माणसं जमली. डेव्हनं नळ दाबला. बारीक धार आली, फेस नाही.

"सिलिंडर कोणी बंद केलं?"

"मी. आलो त्याच दिवशी."

तो खाली बसला. झाकणाची रबरी रिंग जुनी होती, आतल्या दाबानंच घट्ट राहायची, असं त्यानं समजावलं. दाब गेला, रिंग सुटली, हवा शिरली. मग त्यानं घोट घेतला.

"कशी आहे?" मीनानं विचारलं.

"भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी," तो हळूच म्हणाला. "मी बनवलेली अशी झाली असती तर सुहासनं वर्षभर चिडवलं असतं."

मीनानं ग्लास भरून घेतला आणि सगळा संपवला. मग एकेकानं घेतला. शेवटचा तिनं माझ्यापुढे धरला. "घ्या, दादा." मी प्यायलो. चांगली असती तर कशी लागली असती, हे मला आता कधीच कळणार नाही.

पुण्यात परतलो, त्या दिवशी जेवणं झाल्यावर बायकोनं सवयीनं विचारलं, "सिलिंडर बंद केलात ना?"

"आजपासून तू करत जा," मी म्हणालो.